सागरपार बेटप्रदेशांतील पर्यावरण-संरक्षण अनुदाने

एखाद्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाखाली असलेल्या, परंतु त्याच्या मुख्य भूमीपासून महासागराने दूर पडलेल्या बेटांवरील वन्य जीव, वनश्री, प्रवाळभित्ती, मृदा व जलस्रोत यांच्या रक्षणासाठी अथवा पुनःस्थापनेसाठी शासन, आंतरराष्ट्रीय संघटना किंवा खासगी न्यास यांच्याकडून मिळणारे अर्थसाहाय्य. हे साहाय्य कर्जाप्रमाणे परत करावयाचे नसते. मात्र ते विशिष्ट कार्य, ठराविक मुदत व काटेकोर हिशेब यांच्या अटींनी बांधलेले असते. ग्रेट ब्रिटन, फ्रान्स, नेदर्लंड्स व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या राष्ट्रांकडे असे प्रदेश प्रामुख्याने आहेत. ते पूर्वीच्या वसाहतींचे अवशेष असून त्यांतील बहुतेकांना अंतर्गत कारभारापुरती कमी-अधिक स्वायत्तता आहे. भारताची अंदमान-निकोबार व लक्षद्वीप ही बेटे केंद्रशासित प्रदेश म्हणून संघराज्याचाच घटक असल्याने त्यांना ही संज्ञा लागू होत नाही.

नैसर्गिक महत्त्व : दीर्घकाळ अलग राहिलेल्या बेटांवर जीवांची उत्क्रांती स्वतंत्रपणे होते. त्यामुळे क्षेत्रफळाच्या मानाने तेथे प्रदेशनिष्ठ (अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या) जातींचे प्रमाण पुष्कळ असते. ब्रिटिश सार्वभौमत्वाखालील भूमीवरच आढळणाऱ्या जातींपैकी सु. ९४ टक्के जाती ग्रेट ब्रिटनमध्ये नसून त्याच्या १४ सागरपार प्रदेशांत आहेत. तेथून नोंदविलेल्या अशा जातींची संख्या दीड हजारांहून अधिक आहे. दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलीना या सु. १२० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या एकट्या बेटावर त्यांपैकी सु. ५०० जाती आहेत. फ्रान्सच्या जैवविविधतेपैकी सु. ८० टक्के त्याच्या सागरपार प्रदेशांत असल्याचे मानले जाते.

हे जीव जितके वैशिष्ट्यपूर्ण, तितकेच दुबळे असतात. बेटांवर मूळचे भूचर सस्तन प्राणी बहुधा नसतात. त्यामुळे तेथील पक्षी जमिनीवर घरटी करतात व शत्रूला भिण्याची प्रवृत्ती त्यांच्यात विकसित झालेली नसते. जहाजांबरोबर आलेले उंदीर, घुशी, मांजरे, डुकरे व शेळ्या अशा बेटावर पोहोचल्या, की अल्पावधीत मोठा संहार घडतो. ग्वॉम या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर तपकिरी वृक्षसर्प आला आणि काही दशकांतच तेथील मूळच्या १२ वनपक्ष्यांपैकी १० नाहीसे झाले.

अनुदानाची आवश्यकता : सागरपार प्रदेशांच्या आर्थिक अडचणीचे मूळ त्यांच्या घटनात्मक स्थितीत आहे. हे प्रदेश स्वतंत्र राष्ट्रे नसल्याने जैवविविधता करारासारख्या आंतरराष्ट्रीय करारांत ते स्वतःच्या नावाने सहभागी होऊ शकत नाहीत. जागतिक पर्यावरण सुविधेसारखे (स्थापना १९९१) निधी विकसनशील राष्ट्रांसाठी असतात. सार्वभौम राष्ट्र विकसित असल्याने हे दार त्यांना सामान्यतः बंद असते. दुसऱ्या बाजूस, ते मायभूमीचेही घटक नसल्याने तेथील अनेक देशांतर्गत निधींच्या नियमांत ते बसत नाहीत. अशा रीतीने ते दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या पोकळीत सापडतात.

स्थानिक महसुलातून ही उणीव भरून काढणे अवघड असते. पिटकेर्नची लोकसंख्या सु. ५०, तर ट्रिस्टन द कून्याची २५० हून कमी आहे. एवढ्याशा समाजावर लक्षावधी चौ. किमी. सागराची व जगात अन्यत्र नसलेल्या शेकडो जातींची जबाबदारी येते. माँटसेरात या बेटावर १९९५ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाल्यानंतर त्याचा मोठा भाग वस्तीस अयोग्य ठरला. अशा ठिकाणी शाळा, रुग्णालय व निवारा यांच्या गरजा अग्रक्रमाने पुढे येणे स्वाभाविकच होय. शिवाय ज्या संकटांशी सामना करावयाचा असतो, ती बहुतांशी या समाजांनी निर्माण केलेली नसतात; परकी जहाजांनी आणलेले प्राणी व हवामानातील बदल ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

ऐतिहासिक आढावा : सेंट हेलीना बेट पोर्तुगीज खलाशांना १५०२ मध्ये हिंदुस्थानातून परतताना आढळले. पुढे त्यांनी जहाजांना ताजे मांस मिळावे म्हणून तेथे शेळ्या सोडल्या. १६५९ पासून हे बेट इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. याच कंपनीकडे १६६८ मध्ये मुंबई बेटाचाही ताबा गेला. शेळ्यांनी रोपे खाऊन टाकल्याने व जळणासाठी झाडे तोडल्याने सेंट हेलीनाची अरण्ये झपाट्याने नष्ट होऊ लागली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटावरील गव्हर्नरने एबनी वृक्षाच्या रक्षणासाठी शेळ्या मारण्याची अनुज्ञा मागितली असता, एबनीपेक्षा शेळ्या अधिक मोलाच्या आहेत, अशा आशयाचे उत्तर कंपनीच्या संचालकांकडून आल्याचे सांगितले जाते. बेटावरील निसर्गाविषयीचा निर्णय आणि त्यासाठी लागणारा पैसा दूरच्या राजधानीत असणे, ही स्थिती त्या काळापासूनची आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या प्रदेशांतील संरक्षणकार्य बहुतांशी व्यक्तिगत उत्साहावर चालले. १९८७ मध्ये ब्रिटनमधील व प्रदेशांतील स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन सागरपार प्रदेशांच्या निसर्गसंरक्षणासाठी एक मंच स्थापन केला. १९९२ मध्ये रीओ दे जानेरो येथील वसुंधरा परिषदेत ब्रिटनने ‘डार्विन इनिशिएटिव्ह’ ही अनुदान योजना घोषित केली. तिचा भर जैवविविधतेने समृद्ध पण साधनांनी दरिद्री अशा देशांवर होता. १९९९ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेनंतर सागरपार प्रदेशांसाठी एक लहान पर्यावरण निधी सुरू झाला. सप्टेंबर २००१ मध्ये ब्रिटन व अनेक प्रदेश यांच्यात पर्यावरण सनदा झाल्या व त्यांत दोन्ही पक्षांची कर्तव्ये नमूद करण्यात आली. २००३ नंतर परराष्ट्र व आंतरराष्ट्रीय विकास या दोन खात्यांनी मिळून ‘सागरपार प्रदेश पर्यावरण कार्यक्रम’ चालविला. २०१२ मध्ये या दोन खात्यांचा व पर्यावरण खात्याचा निधी एकत्र करून ‘डार्विन प्लस’ ही केवळ सागरपार प्रदेशांसाठीची योजना अस्तित्वात आली. पुढे तिची तरतूद पुष्कळ वाढविण्यात आली व २०१६ पासून सागरी क्षेत्रांच्या रक्षणासाठी ‘ब्लू बेल्ट’ हा स्वतंत्र कार्यक्रमही सुरू झाला.

स्वरूप व कार्यपद्धती : अशा अनुदानांचे सामान्यतः चार प्रकार आढळतात : (१) पाहणी व संशोधन यांसाठीची अनुदाने, (२) प्रत्यक्ष कार्यासाठीची, उदा., परकी प्राण्यांचे निर्मूलन, रोपवाटिका, प्रवाळांची पुनर्लागवड. (३) स्थानिक व्यक्तींचे शिक्षण व प्रशिक्षण यांसाठीच्या अधिछात्रवृत्त्या. (४) लहान स्थानिक संस्था व व्यक्ती यांना सुलभ अटींवर दिली जाणारी छोटी अनुदाने. डार्विन प्लस योजनेत काही हजार पौंडांपासून दहा लाख पौंडांच्या वरपर्यंतच्या प्रकल्पांसाठी वेगवेगळे विभाग आहेत. तिच्यातील स्थानिक विभाग मोठ्या अर्जाची यातायात न झेपणाऱ्या बेटवासीयांसाठी मुद्दाम निर्माण करण्यात आला.

अर्जदाराला प्रथम समस्या, तिची कारणे, योजलेले उपाय व अपेक्षित फल यांची तर्कसंगत मांडणी करावी लागते. त्यासोबत अंदाजपत्रक, कालपत्रक, संभाव्य धोके आणि संबंधित प्रदेशाच्या शासनाचे संमतिपत्र द्यावे लागते. बाहेरील विद्यापीठ वा संस्था अर्जदार असल्यास स्थानिक भागीदाराचा सहभाग पाहिला जातो. आलेल्या अर्जांची छाननी शास्त्रज्ञ व अनुभवी संरक्षक यांची समिती करते व तिच्या शिफारशीवरून शासन निर्णय घेते. रक्कम हप्त्यांनी दिली जाते. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण व अखेरचा अहवाल यांची पूर्तता झाल्यावर शेवटचा हप्ता मिळतो.

अनेक योजनांत पूरक निधीची अट असते. म्हणजे खर्चाचा काही भाग अर्जदाराने अन्य मार्गाने उभारावयाचा असतो. दरिद्री बेटांना ही अट जाचक ठरते. अमेरिकेच्या कायद्यात अशा बेटप्रदेशांच्या बाबतीत पूरक निधीची अट ठराविक मर्यादेपर्यंत शिथिल करण्याची तरतूद आहे.

इतर राष्ट्रांच्या योजना : यूरोपीय संघाशी संलग्न बेटांचे दोन वर्ग पडतात. रेयून्यों, ग्वादलूप, अझोर्स यांसारखे ‘बाह्यतम प्रदेश’ संघाचे घटक असल्याने त्यांना संघाचे पर्यावरणविषयक निधी मिळू शकतात. न्यू कॅलिडोनिया, फ्रेंच पॉलिनीशिया, अरूबा यांसारखे ‘सागरपार देश व प्रदेश’ संघाबाहेर असल्याने दीर्घकाळ त्यांपासून वंचित राहिले. जुलै २००८ मध्ये रेयून्यों येथे भरलेल्या परिषदेत या विषमतेकडे लक्ष वेधण्यात आले. तिच्या फलस्वरूप २०११ पासून ‘बेस्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी अनुदान योजना सुरू झाली. लहान व मध्यम रकमांची अनुदाने थेट स्थानिक संस्थांच्या हाती देणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी यूरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटिश प्रदेशांना या योजनेसाठी नव्याने पात्र राहता आले नाही. मायभूमीतील राजकीय निर्णयाचा परिणाम हजारो किमी. दूरच्या रोपवाटिकेवर कसा होतो, याचे हे उदाहरण आहे.

नेदर्लंड्सच्या अधिकाराखालील बॉनेर, सेंट युस्टेशस व साबा ही कॅरिबियन बेटे १० ऑक्टोबर २०१० पासून त्या देशाच्या विशेष नगरपालिका बनली व निसर्गरक्षणाची अधिक जबाबदारी मध्यवर्ती शासनावर आली. त्यापूर्वीच, २००५ मध्ये, तेथील सहा बेटांच्या उद्यानसंस्थांनी एक संयुक्त संघटना स्थापून कायम निधी उभारण्याचा प्रयत्न सुरू केला होता. अमेरिकेत प्रवाळभित्ती संरक्षण अधिनियमाखाली (२०००) ग्वॉम, अमेरिकन सामोआ, व्हर्जिन बेटे इ. प्रदेशांना अनुदाने मिळतात, तर अंतर्गत व्यवहार विभागाकडून वृक्षसर्पाच्या नियंत्रणासाठी साहाय्य दिले जाते. ग्वॉमचा किंगफिशर (सिहेक) १९८८ पर्यंत निसर्गातून लुप्त झाला होता. बंदिस्त प्रजननातून वाढविलेले त्याचे काही पक्षी २०२४ मध्ये पॅल्मायरा या प्रवाळबेटावर मुक्त करण्यात आले.

निवडक प्रकल्प : साउथ जॉर्जिया : या हिमाच्छादित बेटावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सील व देवमासे यांची शिकार करणाऱ्या जहाजांबरोबर घुशी आल्या. तेथील प्रदेशनिष्ठ पिपिट हा गाणारा पक्षी व जमिनीत बिळे करणारे सागरी पक्षी त्यामुळे किनाऱ्यालगतच्या लहान बेटांपुरते उरले. घुशींची वस्ती असलेले भाग हिमनद्यांनी परस्परांपासून तोडलेले असल्याने एकेक भाग स्वतंत्रपणे साफ करणे शक्य होते. मात्र हिमनद्या मागे हटत असल्याने ही संधी मर्यादित काळापुरतीच होती. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्ट या न्यासाने २०११, २०१३ व २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषमिश्रित आमिष टाकून १,००० चौ. किमी. हून अधिक क्षेत्र हाताळले. सु. एक कोटी पौंडांच्या या खर्चाचा मोठा भाग खासगी देणग्यांतून आला. प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने कसून पाहणी केल्यानंतर मे २०१८ मध्ये बेट घुशीमुक्त घोषित झाले.

हेंडरसन व गॉफ : सर्वच मोहिमा यशस्वी होत नाहीत. पॅसिफिकमधील हेंडरसन या जागतिक वारसास्थळावर २०११ मध्ये उंदीर-निर्मूलनाची मोहीम झाली. नंतरच्या अभ्यासावरून सु. ६० ते ८० उंदीर वाचले असावेत, असा निष्कर्ष निघाला. परंतु तेवढ्यांपासूनही त्यांची संख्या पूर्ववत झाली. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावरील घरगुती उंदीर अल्बट्रॉसच्या जिवंत पिलांना कुरतडून मारतात. तेथे दरवर्षी सु. २० लाख अंडी व पिले नष्ट होतात, असा अंदाज करण्यात आला आहे. अतिसंकटग्रस्त ट्रिस्टन अल्बट्रॉस जवळजवळ केवळ याच बेटावर वीण घालतो. अनेक वर्षांच्या पूर्वतयारीनंतर २०२१ मध्ये तेथे मोहीम पार पडली. तथापि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उंदीर पुन्हा दिसून आला. निर्मूलनकार्यात नव्व्याण्णव टक्के यश म्हणजे अखेरीस अपयशच असते. म्हणून अशा प्रकल्पांचे मूल्यमापन नेहमीच्या प्रगतिपत्रकांनी करता येत नाही. तसेच अपयशाची शक्यता असलेल्या, पण यशस्वी झाल्यास कायम फल देणाऱ्या कार्यासाठी निधी देण्याची तयारी दात्यांना ठेवावी लागते.

बर्म्यूडा : काहो हा पेट्रेल पक्षी सतराव्या शतकात लुप्त झाल्याचे मानले जात होते. १९५१ मध्ये बर्म्यूडाजवळील खडकाळ बेटांवर त्याच्या सु. १८ जोड्या आढळल्या. त्या वेळी उपस्थित असलेल्या डेव्हिड विनगेट या शाळकरी मुलाने पुढे आपले आयुष्य या पक्ष्यासाठी वेचले. त्यांनी कृत्रिम बिळे तयार केली व नॉनसच बेटावर मूळची वनश्री पुन्हा उभी केली. २००४ पासून पिलांना त्या बेटावर हलविण्यात आले. २०२० नंतर जोड्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. या कार्यास सत्तर वर्षे लागली.

केमन बेटे : ग्रँड केमनवरील निळा इग्वाना हा सरडा २००२ च्या पाहणीत निसर्गात २५ हून कमी उरल्याचे आढळले. बंदिस्त प्रजनन करून पिले संरक्षित क्षेत्रांत सोडण्यात आली. २०१८ पर्यंत अशा मुक्त केलेल्या प्राण्यांची संख्या एक हजारावर पोहोचली.

सेंट हेलीना : येथील एबनी झुडूप नष्ट झाल्याचे समजले जात असता १९८० मध्ये एका कड्यावर त्याची दोन झाडे आढळली. त्यांच्या फांद्यांपासून पुढे हजारो रोपे तयार करण्यात आली. सेंट हेलीना ऑलिव्ह या वृक्षाचे नशीब मात्र वेगळे ठरले. त्याचे निसर्गातील शेवटचे झाड १९९४ मध्ये व लागवडीतील शेवटचे २००३ मध्ये मृत झाले. बेटाच्या माथ्यावरील मेघवन धुक्यातील ओलावा टिपून झऱ्यांना पाणी पुरविते. त्यामुळे त्याच्या पुनःस्थापनेचा प्रकल्प केवळ दुर्मिळ वनस्पतींसाठी नसून बेटाच्या पाणीपुरवठ्यासाठीही आहे.

मर्यादा व वाद : अनुदानपद्धतीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे तिची अल्प मुदत. बहुतेक अनुदाने दोन ते चार वर्षांची असतात. याउलट वृक्षांची, प्रवाळांची व संथ प्रजननाच्या पक्ष्यांची पुनःस्थापना दशकांच्या मापाने मोजावी लागते. मुदत संपताच प्रशिक्षित कर्मचारी काम सोडून जातात, रोपवाटिकांची देखभाल थांबते आणि संकलित माहिती दूरच्या एखाद्या विद्यापीठात राहते. उंदीर नाहीसे केल्यानंतर बंदरावरील मालाची तपासणी कायमची करावी लागते. परंतु अशा नित्याच्या, नावीन्य नसलेल्या कामासाठी प्रकल्प-अनुदान मिळणे कठीण जाते. अर्ज लिहिण्याचे कौशल्य मोठ्या संस्थांकडे असल्याने निधीचा काही भाग बेटापर्यंत न पोहोचता मायभूमीतच खर्च होतो, अशीही टीका केली जाते. लहान स्थानिक अनुदाने हा त्यावरील एक उपाय होय.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूह १९६५ मध्ये मॉरिशसपासून वेगळा काढण्यात आला व १९६८–७३ या काळात तेथील रहिवाशांना हलविण्यात आले. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने तेथे सु. ६,४०,००० चौ. किमी. चे सागरी संरक्षित क्षेत्र घोषित केले व त्याच्या राखणीच्या प्रारंभीच्या खर्चासाठी खासगी प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळाले. तेथील प्रवाळभित्तींचे मोल निर्विवाद होते. तथापि मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद न्यायाधिकरणाने, ही घोषणा करताना मॉरिशसच्या हक्कांचा योग्य विचार न केल्याने सागरी कायद्याचा भंग झाला, असा निर्णय दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने द्वीपसमूहाच्या विभाजनाविरुद्ध मत दिले व २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांच्यात सार्वभौमत्वाच्या हस्तांतरणाविषयी करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. ज्यांची भूमी, त्यांच्या संमतीवाचून केलेले संरक्षण हेतू चांगला असूनही टिकाऊ ठरत नाही, हा बोध या प्रकरणातून मिळतो.

पूरक अर्थव्यवस्था : अनुदानांच्या अनिश्चिततेवर उपाय म्हणून स्थायी उत्पन्नाचे मार्ग शोधले जात आहेत. बॉनेर येथील सागरी उद्यान (स्थापना १९७९) आरंभीचे अनुदान संपल्यावर अडचणीत आले. १९९२ मध्ये पाणबुड्या पर्यटकांवर प्रत्येकी १० डॉलरचे वार्षिक शुल्क बसविण्यात आले व त्यातून उद्यानाचा कारभार चालू लागला. साउथ जॉर्जियात मासेमारीचे परवाने व पर्यटक-जहाजांचे शुल्क हे शासनाचे प्रमुख उत्पन्न आहे. न्यासनिधी उभारून केवळ त्याच्या व्याजातून खर्च भागविण्याची पद्धतही काही ठिकाणी अवलंबिली जाते. तथापि ज्या बेटांवर पर्यटक पोहोचत नाहीत आणि मासेमारीही अल्प आहे, तेथे हे मार्ग उपयोगी पडत नाहीत.

अनुदान हे संरक्षणकार्याचा आरंभ घडवून आणू शकते. ते चालू ठेवण्यासाठी स्थानिक समाजाची आस्था, प्रशिक्षित माणसे व नियमित तरतूद यांची जोड आवश्यक असते. काहो व एबनी यांचा इतिहास हेच दर्शवितो. तेथे पैसा वेळोवेळी मिळाला व थांबला; परंतु बेटावर राहून काम करणारी माणसे टिकली, म्हणून त्या जातीही टिकल्या.